ऐरोली आली कुठून, दिवा गेलं कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न : ठाणे आणि नवी मुंबईचे विधानसभा मतदारसंघ

नवी मुंबईला पूर्वी बेलापूर हा एकच मतदारसंघ होता. ऐरोली वेगळा कधी झाला? आणि ठाणे जिल्ह्यातले आमदार एकदम इतके वाढले ते कशाच्या आधारावर?
— वाचक, घणसोली

ऐरोली हा २००८ च्या पुनर्रचनेतून आलेला मतदारसंघ. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने तो आखला, फेब्रुवारी २००८ मध्ये आदेश लागू झाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे पहिल्यांदा मतदान झालं. त्याआधीचा नकाशा १९७६ च्या आदेशाचा. १९७८ ते २००४ या काळातल्या सातही विधानसभा निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. त्या नकाशात ठाणे जिल्ह्याला १३ जागा होत्या : डहाणू, जव्हार, पालघर, वसई, भिवंडी, वाडा, शहापूर, मुरबाड, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे आणि बेलापूर. २००८ मध्ये त्या २४ झाल्या.

यामागे राजकीय ताकद वगैरे शोधायची गरज नाही, साधा भागाकार आहे. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागा, एका आमदारामागे येतात १,७५,०४२ माणसं. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २२,८१,६६४. तिला या सरासरीने भागलं की येतात १३.०३, म्हणून १३ जागा. आता २००१ चे आकडे घ्या. राज्य ९,६८,७८,६२७, सरासरी ३,३६,३८४. ठाणे जिल्हा ८१,३१,८४९. भागाकार २४.१७, म्हणून २४ जागा.

मधली तीस वर्षं हा भागाकार कुणी केलाच नाही, कारण ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवली होती. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना कमी लोकसंख्येची शिक्षा होऊ नये, असा तो विचार. देशपातळीवर तो पटण्यासारखा आहे. पण त्याच गोठवणुकीत वाशी, नेरूळ, कोपरखैरणे उभी राहिली आणि सगळी बेलापूरच्या एकाच आमदाराच्या पदरात पडली. पुढे ८४व्या दुरुस्तीने (२००१) राज्याची एकूण संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवली, आणि ८७व्या दुरुस्तीने (२००३) राज्याच्या आतली वाटणी २००१ च्या लोकसंख्येनुसार करायला मुभा दिली.

म्हणजे २८८ चा आकडा हलला नाही. ठाण्याला अकरा जागा जास्त मिळाल्या त्या कुणाच्या तरी कमी होऊनच. सर्वांत ठळक उदाहरण शेजारचंच : मुंबई शहर जिल्हा १७ वरून १० वर आला आणि उपनगर १७ वरून २६ वर गेलं.

नवी मुंबईला दोनच जागा का, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. २००१ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४ हजार होती. ३ लाख ३६ हजारांनी भागली की दोनच्या किंचित वर. उत्तरेचा दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा पट्टा ऐरोलीत (क्रमांक १५०) गेला. वाशी, सानपाडा, नेरूळ, सीबीडी बेलापूरमध्ये (१५१) राहिले. ठाणे महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर होती, तिचा भागाकार पावणेचार. तो पाऊण कुठे गेला, ते पुढच्या उत्तरात येईल.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा २४ पैकी डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई या सहा जागा तिकडे गेल्या. ठाण्यात १८ राहिल्या. जिल्हा तुटला तरी मतदारसंघांच्या सीमा आणि क्रमांक तसेच राहिले : १२८ ते १३३ पालघर, १३४ ते १५१ ठाणे.

घणसोलीकरांच्या पत्रात ‘पुन्हा अन्याय होतोय का’ असाही एक प्रश्न आहे. २०११ च्या आकड्यांवर हाच हिशेब केला तर राज्याची सरासरी ३,९०,१८९ येते. आजच्या ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२. भागाकार २०.६८, आणि जागा १८. पालघरचं ७.६६, जागा सहा. दोन्ही जिल्हे मिळून चार जागांनी मागे आहेत, आणि हे पंधरा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर. घोडबंदर रोड आणि घणसोलीत त्यानंतर उभे राहिलेले टॉवर यात नाहीत.

मी दिव्यात राहतो. घरपट्टी ठाणे महापालिकेला भरतो, नगरसेवक ठाण्याचा, पण आमदार ‘कल्याण ग्रामीण’चा. दिवा ग्रामीण कसं? काही चूक झाली असेल तर कुठे दाद मागायची?
— वाचक, दिवा पूर्व

चूक नाही, त्यामुळे दाद मागायलाही जागा नाही. विधानसभेची हद्द आणि महापालिकेची हद्द या दोन वेगळ्या यंत्रणा आखतात आणि एकीला दुसरीचं बंधन नसतं.

आयोगावर बंधनं होती ती अशी : विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जाऊ नये, तो पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसावा, लोकसंख्या सरासरीच्या आगेमागे साधारण दहा टक्क्यांत राहावी आणि प्रदेश सलग असावा. महापालिका तोडू नये असं बंधन कुठेच नाही. आता वरचा पावणेचारचा हिशेब आठवा. ठाणे महापालिकेतून ठाणे (१४८), कोपरी-पाचपाखाडी (१४७) आणि मुंब्रा-कळवा (१४९) असे तीन मतदारसंघ निघाले. उरलेल्या भागाला बाहेरची माणसं जोडावी लागली. घोडबंदरच्या बाजूला ओवळा-माजिवडा (१४६) करताना मिरा-भाईंदर महापालिकेचा काही भाग घेतला, आणि खाडीपलीकडचं दिवा कल्याण ग्रामीणमध्ये (१४४) टाकलं. ‘ग्रामीण’ हे नुसतं नाव. त्यावरून सोयीसुविधा, कर किंवा अनुदान यांतलं काहीच ठरत नाही.

याचा परिणाम लोकसभेतही दिसतो. ठाणे महापालिकेचे रहिवासी दोन खासदारांमध्ये वाटले गेले आहेत. नौपाडा, कोपरी, घोडबंदर ठाणे लोकसभेत. कळवा, मुंब्रा, दिवा कल्याण लोकसभेत. ठाणे लोकसभेतले बाकीचे म्हणजे ऐरोली, बेलापूर आणि मिरा-भाईंदर. त्यामुळे घणसोलीचा आणि नौपाड्याचा खासदार एक, पण नौपाड्याचा आणि कळव्याचा वेगळा. नकाशा समोर नसेल तर हे पटत नाही.

शिळफाट्याच्या पलीकडची चौदा गावं हे याहून गमतीचं प्रकरण. दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, भंडार्ली वगैरे. ही गावं नवी मुंबई महापालिकेत होती, बाहेर पडली, परत आत घेतली गेली. या येण्याजाण्याने त्यांचा विधानसभा मतदारसंघ ठरत नाही; २००८ च्या आदेशापासून तो कल्याण ग्रामीणच.

आणखी एक खटका, ज्यात जाणकारही अडकतात. आयोगाच्या आदेशात शहरी मतदारसंघाचं वर्णन ‘वॉर्ड क्रमांक अमुक ते तमुक’ असं असतं. हे वॉर्ड २००१ च्या जनगणनेचे आहेत, महापालिका निवडणुकीचे प्रभाग नव्हेत. ठाण्यात आज १३१ नगरसेवक बहुसदस्यीय प्रभागांतून येतात, नवी मुंबईत १११. ते प्रभाग दर निवडणुकीआधी नव्याने आखले जातात. आदेशातला ‘वॉर्ड २४’ घेऊन तो आजच्या प्रभाग २४ शी जुळवायला गेलात तर भलत्याच वस्तीत पोचाल. आपली इमारत कुठल्या मतदारसंघात आहे हे बघायचं असेल तर आदेश बाजूला ठेवा आणि मतदार यादीच्या भागाचं पहिलं पान काढा. तिथे भागात येणाऱ्या सोसायट्या, चाळी आणि गल्ल्या नावानिशी दिलेल्या असतात, सोबत मतदान केंद्राचा पत्ता आणि विधानसभा-लोकसभा दोन्हींचे क्रमांक.

कामाच्या दृष्टीने म्हणाल तर : नाला, पाणी, कचरा यांसाठी ठाणे महापालिकेची दिवा प्रभाग समिती आणि तुमचे नगरसेवक, रेल्वेच्या प्रश्नासाठी कल्याणचे खासदार, राज्य सरकारकडे अडलेल्या कामासाठी कल्याण ग्रामीणचे आमदार. ठाणे शहराच्या आमदारांकडे पत्र घेऊन गेलात तर ते घेतील, चहाही पाजतील, पण सभागृहात तुमचा प्रश्न मांडायची जबाबदारी त्यांची नाही.

नेरूळहून खारघरला राहायला आलो. पत्त्यावर दोन्हीकडे ‘नवी मुंबई’च आहे. मग बेलापूरच्या यादीतलं नाव चालू ठेवता येईल ना?
— वाचक, खारघर

नाही. सिडकोने नवी मुंबई वसवली ती ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर. त्यातला फक्त ठाणे तालुक्याचा भाग नवी मुंबई महापालिकेत आहे. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत (स्थापना १ ऑक्टोबर २०१६) आणि पनवेल विधानसभा मतदारसंघात (१८८). उलवे उरणमध्ये (१९०). दोन्ही मतदारसंघ मावळ लोकसभेत, जी घाट ओलांडून थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत जाते. गाडीच्या पाटीवर एमएच ४३ च्या जागी एमएच ४६ आलं की समजायचं, आमदार बदलला.

हा पनवेल एके काळी शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) गड. दि. बा. पाटील इथून पाच वेळा आमदार झाले. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला, त्या लढ्याचे नेते तेच. २००९ पासून प्रशांत ठाकूर निवडून येत आहेत, पहिल्यांदा काँग्रेसकडून आणि २०१४ पासून भाजपकडून. २०२४ मध्ये पनवेलची मतदारसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. मुंबईत वडाळ्याला ती दोन लाखांच्या आसपास. दोघांनाही आमदार एकच.

नाव हलवण्यासाठी फॉर्म ८ भरा, फॉर्म ६ नव्हे. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. फॉर्म ६ नव्या मतदाराचा. तो भरला की नेरूळचं नाव तसंच राहतं आणि खारघरला दुसरं चढतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ नुसार दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी मतदारसंघाच्या आत घर बदललं तर फॉर्म ८अ असायचा. तो १ ऑगस्ट २०२२ पासून बंद झाला. आता मतदारसंघाच्या आत असो वा बाहेर, फॉर्म ८ च.

निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा मतदार पोर्टलवर जा, ओळखपत्राचा क्रमांक टाका, ‘निवासस्थान बदल’ निवडा, मग ‘मतदारसंघाबाहेर’, जिल्हा रायगड, मतदारसंघ पनवेल. इथे सवयीने ठाणे जिल्हा निवडला तर यादीत पनवेल दिसणारच नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून वर्षभरापासूनचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत खरेदीखत चालतं. भाडेकरू असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. नुसता नोटरी केलेला परत येतो. अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन खात्री करतो. दार बंद आढळलं की अर्ज लटकतो, म्हणून अर्जात दिवसा उचलला जाणारा फोन नंबर द्या. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत काहीच बदलता येत नाही. तिच्या दहा दिवस आधी अर्ज पडलेला बरा. अर्ज नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करा, तिथेही नाकारलं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

ठाणे मतदारसंघाच्या जुन्या निकालांचा तक्ता करतो आहे. २००४ आणि २००९ च्या आकड्यांचा मेळ बसत नाही. १९५२ पासूनची माहिती कुठे मिळेल?
— निवृत्त शिक्षक, नौपाडा

मेळ बसणार नाही, कारण नाव एक असलं तरी ते दोन वेगळे मतदारसंघ आहेत. २००४ चा ‘ठाणे’ १९७६ च्या आदेशाचा. तिथून एकनाथ शिंदे पहिल्यांदा आमदार झाले. २००९ चा ‘ठाणे’ म्हणजे क्रमांक १४८, बराच आटोपशीर. शिंदे त्या वर्षी कोपरी-पाचपाखाडीत गेले आणि २००९, २०१४, २०१९, २०२४ असे सलग तिथून निवडून आले. १४८ मध्ये २००९ ला शिवसेनेचे राजन विचारे, त्यानंतर तिन्ही वेळा भाजपचे संजय केळकर. ओवळा-माजिवड्यात चारही वेळा प्रताप सरनाईक, मुंब्रा-कळव्यात चारही वेळा जितेंद्र आव्हाड. शेजारच्या कल्याण ग्रामीणने मात्र चार निवडणुकांत चार आमदार दिले : रमेश पाटील, सुभाष भोईर, राजू पाटील, राजेश मोरे.

तक्त्यात २००४ आणि २००९ च्या मध्ये जाड रेघ मारा आणि रेघेच्या अलीकडची-पलीकडची टक्केवारी एकमेकींशी लावू नका. ‘शिवसेनेची मतं २००९ ला अमुक टक्क्यांनी घसरली’ अशी वाक्यं वर्तमानपत्रांतही सर्रास छापून येतात. त्यातली घसरण किती आणि नकाशा बदलल्याचा परिणाम किती, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. अशीच रेघ १९७२ आणि १९७८ च्या मध्येही लागेल.

जुन्या निकालांसाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल सर्वांत भरवशाचे. प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा एक, आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट. काढताना तीन अडचणी येतात. एक, राज्य. १९५२ आणि १९५७ चे निकाल ‘मुंबई राज्य’ या नावाखाली आहेत. महाराष्ट्र १९६२ पासून सुरू होतो. दुसरी, स्पेलिंग. जुन्या इंग्रजी अहवालांत ठाण्याचं शेवटचं अक्षर ‘ई’ नसून ‘ए’ असतं, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधलं तर काहीच सापडत नाही. क्रमांकावरही विसंबू नका, तो प्रत्येक आदेशात बदलतो. तिसरी अडचण जरा खोल आहे : पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. तिथे मतदाराला दोन मतं असायची, म्हणून मतांची बेरीज मतदान करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते आणि विजयी म्हणून दोन नावं येतात. ती छपाईची चूक समजून दुसरं नाव गाळलेले तक्ते आमच्याकडे येतात. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

विधानसभेची एकूण संख्याही लिहून ठेवा : १९६२ ला २६४, १९६७ आणि १९७२ ला २७०, १९७८ पासून २८८. पोटनिवडणुकांचे निकाल या अहवालांत नसतात, ते वेगळे शोधावे लागतात.

बेलापूरचा तक्ता कुणी करत असेल तर त्यालाही हाच नियम. गणेश नाईक जुन्या बेलापूरमधून १९९० आणि १९९५ ला शिवसेनेकडून जिंकले, १९९९ ला शिवसेनेच्याच सीताराम भोईरांकडून हरले, २००४ ला राष्ट्रवादीकडून परतले. २००९ ची त्यांची जीत नव्या, लहान बेलापूरमधली. २०१४ ला मंदा म्हात्रे यांनी त्यांना हरवलं, ५५,३१६ विरुद्ध ५३,८२५. तेव्हापासून बेलापूर म्हात्रेंकडे. ऐरोली २००९ आणि २०१४ ला संदीप नाईक यांच्याकडे होती, २०१९ पासून गणेश नाईक यांच्याकडे. २०२४ मध्ये वडील ऐरोलीत भाजपचे उमेदवार आणि मुलगा बेलापूरमध्ये भाजपच्या विरोधात शरद पवारांच्या पक्षाकडून, असं चित्र होतं. पक्षाच्या रंगाने तक्ता रंगवणाऱ्याचे हाल होतात ते इथेच.

२०२४ ला बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. आमच्या सोसायटीच्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते बघता येतं का? आणि इतक्या कमी फरकावर फेरमोजणी आपोआप का होत नाही?
— वाचक, नेरूळ

बघता येतं, फॉर्म २० मध्ये. मोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी हा अंतिम तक्ता भरतात आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर चढतो. बेलापूरसाठी क्रमांक १५१ निवडा. आडव्या ओळी मतदान केंद्रांच्या, उभे रकाने उमेदवारांचे, मतपत्रिकेवरच्या क्रमाने. त्यांच्या उजवीकडे एकूण वैध मतं, बाद मतं, नोटा, बेरीज आणि शेवटी प्रदत्त मतं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेलं असताना कागदी मतपत्रिकेवर दिलेलं मत. ते मोजणीत धरत नाहीत. तळाला तीन बेरजा असतात : यंत्रावरची, टपाली आणि एकूण. मंदा म्हात्रे ९१,८५२ आणि संदीप नाईक ९१,४७५ हे आकडे या शेवटच्या ओळीचे. बऱ्याच जणांची केंद्रनिहाय बेरीज यांच्याशी जुळत नाही, कारण टपाली मतांची ओळ राहून जाते.

फॉर्म २० मध्ये केंद्राचा फक्त अनुक्रमांक असतो, शाळेचं किंवा सोसायटीचं नाव नाही. म्हणून आधी त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी उतरवून घ्या. ‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक निवडणुकीआधी केंद्रांची फेररचना होते, मोठ्या सोसायट्यांच्या आवारात नवी केंद्रं निघतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१९ चं केंद्र १२० आणि २०२४ चं केंद्र १२० एकच असेल याची खात्री नाही. त्याच वर्षीच्या लोकसभेचे क्रमांकही विधानसभेला जसेच्या तसे लागू पडतील असं धरू नका.

एखाद्या केंद्रापुढे सगळी शून्यं दिसली तर लगेच घोटाळ्याचा निष्कर्ष काढू नका. सकाळच्या अभिरूप म्हणजे चाचणी मतदानाची मतं पुसायची राहिली, किंवा यंत्रावरचा आकडा केंद्राध्यक्षांच्या फॉर्म १७सी शी, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतदानाच्या हिशेबाशी, जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचा फरक त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा मोठा असेल तर ते मोजलंच जात नाही. कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्रात पडणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात. ३७७ सारख्या फरकात एका केंद्रालाही किंमत येते ती अशी.

फरक अमुक मतांपेक्षा कमी असला की फेरमोजणी झालीच पाहिजे, असा नियम भारतात नाही. १९६१ च्या नियमावलीतला नियम ६३ सांगतो की, एकूण आकडे जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी कारणांसह लेखी मागणी करू शकतो. अधिकारी ती पूर्ण मान्य करतील, अंशतः करतील किंवा कारण लिहून फेटाळतील. मागणी निकाल घोषित होण्याआधीच करावी लागते. ‘फरक कमी आहे’ एवढंच कारण सहसा पुरत नाही. कुठल्या टेबलावर, कुठल्या फेरीत, कुठला आकडा, हे द्यावं लागतं. म्हणून अनुभवी पक्ष मतदान संपताना मिळालेली १७सी ची प्रत प्रत्येक मोजणी प्रतिनिधीच्या हातात देऊन पाठवतात. ज्यांच्याकडे ती नसते त्यांना टेबलावर बसून नुसतं ऐकून घ्यावं लागतं.

दोन गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी ताडून बघतात. आणि बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा विजयाचा फरक कमी असेल तर ती बाद मतं निकालाआधी पुन्हा तपासावी लागतात.

निकालानंतर दोन वाटा उरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार सात दिवसांत पाच टक्क्यांपर्यंत यंत्रांची तपासणी मागू शकतो; ही सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने आली आणि विधानसभा २०२४ च्या वेळी त्याचा खर्च एका संचाला जीएसटीसह ४७,२०० रुपये होता. दुसरी वाट उच्च न्यायालयातल्या निवडणूक याचिकेची. ती ४५ दिवसांत दाखल करावी लागते, अनामत २,००० रुपये, आणि ती उमेदवारच नव्हे तर त्या मतदारसंघातला कुणीही मतदार करू शकतो. ४५ दिवसांनंतर उशीर माफ होत नाही.

महापालिकेत प्रभाग सोडतीने महिलांसाठी राखीव होतो. बेलापूर, ऐरोली तसे होतील का?
— वाचक, वाशी

सध्या विधानसभेत महिला आरक्षण लागू नाही. १०६व्या घटनादुरुस्तीने (२०२३) एक तृतीयांश जागा ठेवल्या आहेत, म्हणजे २८८ पैकी ९६, पण त्या नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेपासून. आणि त्या दर निवडणुकीला फिरणार नाहीत, पुनर्रचनेगणिक फिरतील. अनुसूचित जाती-जमातींच्या जागाही अशाच एका आदेशापुरत्या पक्क्या असतात. राज्यात त्या २९ आणि २५. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी, भिवंडी ग्रामीण आणि शहापूर जमातींसाठी. जमातींची जागा त्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या मतदारसंघाला मिळते. जातींच्या बाबतीत प्रमाण बघतात, पण जागा राज्यभर विखुरलेल्या राहतील हेही पाहतात.

पदवीधर मतदारसंघात मागच्या वेळी मतदान केलं होतं, या वेळी यादीत नावच नव्हतं. तक्रार कुठे करावी?
— वाचक, कळवा

तुमचं नाव कुणी काढलं नाही. जुनी यादीच रद्द झाली. विधानसभेची यादी सालोसाल पुढे चालते, तर विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोऱ्या पानावरून तयार होते. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून कोकण पदवीधर मतदारसंघ. तिथे मतदान जून २०२४ मध्ये झालं आणि मुदत सहा वर्षांची. पुढच्या वेळी फॉर्म १८ भरा (शिक्षकांसाठी फॉर्म १९). पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर, आणि तिच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावी लागते. पदवीनंतर लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रतही जोडा. ती नसल्याने बाद झालेले अर्ज खूप असतात.

मतदानाची पद्धतही वेगळी आहे. यंत्र नसतं. मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यांत लिहायचा, तोही केंद्रात दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच. १ हा आकडा कुणापुढेही नसेल, दोघांपुढे असेल, किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण अथवा ‘एक’ हा शब्द लिहिला असेल, तर मत बाद. २, ३ पुढे लिहिणं ऐच्छिक.